आबांची साखर

मंगळवेढ्याच्या बाजूला काळ्या रानाचे एक गाव आहे. तिथे ज्वारी चांगली पिकते. त्या गावात आबा राहतात. वय साठ. अंगाने धट्टेकट्टे. दर साल आषाढी एकादशीला ते पायी पंढरपूरला जातात. २०२० आणि २०२१ ही करोनाची दोन साले सोडली, तर त्यांची वारी कधी चुकली नाही.

एका वर्षी माघ महिन्यात ज्वारी काढताना आबांच्या पायाला धसकट लागले. लागले ते त्यांना कळलेही नाही. घरी आल्यावर आजीने रक्त पाहिले. हळद लावून फडके बांधले. आठ दिवस गेले. पंधरा दिवस गेले. जखम भरेना. उलट पाय सुजला. आबांना तहानही फार लागे. रात्री तीन-तीनदा लघवीला उठावे लागे. अंगात बळ राहिले नाही.

शेवटी मुलगा त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. मग उपाशीपोटी रक्त तपासले. साखर निघाली २१४. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले. तेवढीच निघाली.

बाई म्हणाल्या, "आबा, तुम्हाला मधुमेह आहे."

आबा म्हणाले, "बाई, काहीतरी चुकतंय. मी कुठं गोड खातो? मी तर भाकरी खाणारा माणूस!"

तुम्हालाही असेच वाटते ना? मग पुढे वाचा.

रक्तात साखर कुठून येते?

भाकरी, भात, पोळी, बटाटा, साबुदाणा हे सारे पोटात पचते आणि त्याची साखर होते. ती रक्तात जाते. ही साखर वाईट नाही. तिच्यावरच आपले शरीर चालते.

बाईंनी आबांना शेतातला दाखला दिला.

"आबा, तुम्ही रानाला पाणी देता. पाटाने पाणी येतं. पण ते वाफ्यात कसं जातं?"

"दारं धरणारा गडी लागतो. तो दार फोडतो, तेव्हा पाणी वाफ्यात शिरतं."

"आणि गडी आलाच नाही तर?"

"पाट तुंबतो, आणि वाफा कोरडाच राहतो."

"तसंच हे. रक्त म्हणजे पाट. साखर म्हणजे पाणी. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातून इन्शुलिन नावाचा रस रक्तात उतरतो. तो दारं धरणारा गडी. तो कमी पडला, किंवा त्याचं काम नीट चालेना, की साखर रक्तात तुंबते. अंगाला मात्र ती मिळत नाही. म्हणून तुम्हाला थकवा आला."

तुंबलेली साखर हळूहळू डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा बिघडवते. नसा बधिर होतात. म्हणून आबांना धसकट लागलेले कळले नाही. अशी जखम चिघळली तर कधी कधी पाय कापावा लागतो. बाईंनी हे स्पष्ट सांगितले. आबा गप्प झाले. मग त्यांनी एकच विचारले, "बाई, आषाढीला मी चालत जाईन ना?"

बाई म्हणाल्या, "जखम भरली आणि साखर उतरली, तर जाल. औषध मी देईन. ताट आणि दिवस मात्र तुम्हीच सांभाळायचा."

चहाचा हिशेब

आबा साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकले होते. बाईंनी त्यांच्याकडूनच हिशेब मांडून घेतला.

रोजचा चहा : ६ कप.
दर कपात साखर : २ लहान चमचे.
दिवसाचे चमचे : १२.
एका चमच्यात साखर : सुमारे ५ ग्रॅम.
दिवसाची साखर : ६० ग्रॅम.
महिन्याची साखर : १८०० ग्रॅम.

म्हणजे दोन किलोला थोडी कमी! आबा डोळे विस्फारून आकड्याकडे पाहत राहिले. "आणि मी म्हणत होतो, मी गोड खात नाही!"

"मग गुळाचा चहा घेऊ?" त्यांनी विचारले.

"गूळ, काकवी, मध, उसाचा रस, सगळी साखरच. नावं वेगळी, काम एकच."

आबांनी चहा दोन कपांवर आणला, तोही बिनसाखरेचा. पहिले आठ दिवस तोंड वाकडे झाले. पुढे सवय झाली.

ताट कसे वाढावे?

पूर्वी आबांच्या ताटात तीन मोठ्या भाकऱ्या, वर भात, आणि भाजी नावाला असे. आता आजी ताटाचे मनातल्या मनात चार भाग करतात. दोन भाग भाजी : मेथी, दोडका, गवार, वांगे, कोबी, काकडी. एक भाग डाळ किंवा मटकी-हरभऱ्याची उसळ. अंडे, मासे खाणाऱ्यांनी ते घ्यावे. उरलेल्या एका भागात भाकरी, नाहीतर भात.

ज्वारी-बाजरीत कोंडा असतो. म्हणून मैद्यापेक्षा भाकरी चांगली. पण कितीही खाल्ली तरी चालते, असे नाही. भाकरीला माप हवेच. कोणी किती खावी, हे वय आणि कष्ट पाहून डॉक्टर सांगतात.

फळ खायचे तर पेरूसारखे अख्खे खावे. रस काढून पिऊ नये. तेल मोजके घालावे. जेवण वेळेवर करावे. सकाळी उपाशी आणि रात्री दुप्पट, असे करू नये.

आजीने एक शहाणपणा केला. आबांसाठी वेगळे शिजवले नाही. साऱ्या घराचे ताट तसेच केले. हा आजार घराण्यात उतरू शकतो. म्हणून मुलानेही रक्त तपासून घेतले. तिशीनंतर प्रत्येकाने ते तपासावे. सरकारी दवाखान्यात त्याची सोय असते.

चालणे, तंबाखू आणि पाय

पायाची जखम भरेपर्यंत बाईंनी चालणे बंद ठेवले. आबा खाटेवर बसून हातांचा व्यायाम करीत. जखम भरल्यावर ते रोज अर्धा तास झपझप चालू लागले. चालताना अंग साखर वापरते. जेवणानंतर थोडे चालले, तर फारच बरे.

आबा तंबाखू खात. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. पायाला रक्त कमी पोचते. चंची त्यांनी स्वतःच चुलीत टाकली.

रोज रात्री ते पाय धुतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात आणि तळवे निरखतात. स्वतःला दिसत नसेल तर नातीला दाखवतात. अनवाणी चालत नाहीत. पाणी फार गरम तर नाही ना, हे दुसऱ्याच्या हाताने पाहतात.

आबांची चूक

दोन महिन्यांनी साखर १२८ वर आली. आबा खूश झाले. "आता बरा झालो," म्हणून त्यांनी कोणाला न विचारता गोळ्या सोडल्या. वीस दिवसांनी साखर पुन्हा १९० झाली.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आबा, पाणी बेताचं चाललंय म्हणून तुम्ही दारं धरणाऱ्या गड्याला घरी पाठवलंत. पाट पुन्हा तुंबला."

मधुमेह बहुधा आयुष्यभर सोबत राहतो. तो ताब्यात ठेवता येतो. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

साखर फार उतरली तर?

काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनच्या सुईने साखर कधी फार खाली जाते. औषध घेतले आणि जेवण चुकले, तर असे होते. घाम फुटतो. हात कापतात. छाती धडधडते. डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर ७० च्या खाली गेली की धोका असतो. अशा वेळी लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा प्यावी. मग काहीतरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तडक दवाखान्यात न्यावे.

म्हणून एकादशीच्या आधीच आबा बाईंना भेटले. "उपास करू का?" त्यांनी विचारले. बाईंनी गोळ्या पाहिल्या आणि सांगितले, "चालायचं आहे, गोळीही आहे. पोट रिकामं ठेवू नका." आबांना वाईट वाटले. आजी म्हणाली, "अहो, पाय शाबूत राहिले हे काय थोडं झालं?"

आषाढात आबा निघाले. पायात मऊ बूट. पिशवीत गोळ्यांची चिठ्ठी, भाकरी-उसळ, आणि पुडीत थोडी साखर. या वेळी ती साखर औषध म्हणून होती. वेळेवर जेवत, सावकाश चालत ते पंढरपूरला पोचले. चंद्रभागेच्या काठी बसून त्यांनी आधी पाय पाहिले. पाय धड होते. मग ते दर्शनाच्या रांगेत उभे राहिले.

लक्षात ठेवा

१. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असावी. १०० ते १२५ असेल तर सावध व्हा. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासा.
२. निम्मे ताट भाजीचे असावे.
३. गूळ म्हणजे साखरच.
४. रोज चाला. रोज पाय पाहा.
५. औषध आपल्या मनाने सोडू नका.

प्रश्न

१. आबांना धसकट लागलेले का कळले नाही?
२. पाट, पाणी आणि दारे धरणारा गडी म्हणजे शरीरात काय काय?
३. तुमच्या घरी महिन्याला चहात किती साखर जाते? हिशेब मांडा.
४. आबांनी पिशवीत साखर का ठेवली?