तीन गोदामे, एकच हिशेब

ज्याचे दुकान एक आणि सगळा माल डोळ्यांसमोर, त्या व्यापारी बंधूला या लेखाची गरज नाही. पण ज्यांचे दुकान एका गावी आणि गोदाम दुसऱ्या गावी आहे, त्यांच्यासाठी आमचा तजुर्बा येथे मांडत आहोत.

आमचा कापडाचा व्याप तीन ठिकाणी आहे. म्हसळ्याला मोठे गोदाम, आणि श्रीवर्धन व मुरुड येथे दुकाने व त्यांच्यामागे एकेक लहान गोदाम. भिवंडी-सुरतेचा माल म्हसळ्याला उतरतो व तेथून दोन्हीकडे जातो. मुरुड आणि श्रीवर्धन यांच्यातील मालाची ने-आण आगरदांडा-दिघी फेरीबोटीने होते. पूर्वी तीन ठिकाणी तीन वह्या होत्या आणि त्या लिहिणारे आम्ही तिघे भाऊ.

एका रमजानच्या तोंडावर श्रीवर्धनला पांढरे पॉपलीन संपले. आम्ही भिवंडीहून चाळीस तागे रोखीने आणले. ईदनंतर मुरुडचे गोदाम झाडताना तेच कापड, त्याच कारखान्याचे, छत्तीस तागे निघाले. मुरुडच्या वहीत त्याचे नाव 'सफेद कुर्ता' होते. एकाच मालात पैसे दोनदा अडकले. भावाभावांत जे बोलणे झाले त्याचा हिशेब तर कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

दुसरा धडा ३ जून २०२० रोजी मिळाला. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि आमच्या श्रीवर्धनच्या गोदामाचे पत्रे उडाले. टाळेबंदीमुळे ईदचा माल विकलाच गेला नव्हता, तो सगळा आत होता. कापड भिजले, त्याबरोबर वहीही भिजली. विम्याच्या सर्वेक्षकाने एकच प्रश्न विचारला : वादळाच्या आदल्या दिवशी येथे किती माल होता? खरेदीची बिले म्हसळ्याच्या पत्त्यावरची; तेथून श्रीवर्धनला काय आले, याचा कागद आमच्याकडे नव्हता. जेवढे दाखवता आले तेवढेच मान्य झाले. चूक आमचीच होती.

त्यानंतर आम्ही टॅली हे सॉफ्टवेअर घेतले. त्याची सुरुवात १९८६ साली झाली. श्यामसुंदर गोयंका यांचा धंदा कापडगिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवण्याचा होता. त्यांना मनाजोगते हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत यांनी ते तयार केले. त्यात प्रत्येक गोदाम वेगळे उघडता येते आणि एकूण साठाही एकत्र दिसतो. मात्र नुसते सॉफ्टवेअर घेऊन काही होत नाही. आम्ही जे नियम पाळतो ते असे :

पहिला, नाव. एका कापडाला तिन्ही ठिकाणी एकच नाव असावे. आम्ही आधी कागदावर यादी केली : प्रकार, पन्हा, रंग, कारखान्याचा नंबर. या कामाला दोन महिने लागले.

दुसरा, माप. सगळे तागे सारख्या लांबीचे नसतात. म्हणून हिशेब मीटरमध्ये ठेवावा आणि ताग्यांची संख्या सोबत लिहावी. प्रत्येक ताग्याच्या चिठ्ठीवर मीटर लिहिलेले असावेत.

तिसरा, हालचाल. एका गोदामातून दुसऱ्यात माल गेला की 'स्टॉक जर्नल'मध्ये त्याच दिवशी नोंद करावी. एकाच जीएसटी नोंदणीखाली राज्यातल्या राज्यात माल हलवणे ही विक्री नव्हे. पण डिलिव्हरी चलन लागते, आणि महाराष्ट्रात मालाची किंमत एक लाख रुपयांवर गेल्यास ई-वे बिलही लागते. प्रत्येक गोदामाचा पत्ता नोंदणीत दाखल असला पाहिजे.

चौथा, वाटेतला माल. फेरीबोट चुकली किंवा समुद्र खवळला तर टेम्पो धक्क्यावर अडकतो. माल मुरुडहून निघालेला, श्रीवर्धनला न पोहोचलेला. मग तो कोणाचा धरायचा? आम्ही 'वाटेत' या नावाचे चौथे गोदाम संगणकात उघडले आहे. पोहोचल्याची सही आली की माल तेथून उतरवतो. संध्याकाळी 'वाटेत' काही उरले तर लगेच फोन करतो.

पाचवा, मोजणी. दर आठवड्याला एक मांडणी मोजतो आणि वर्षातून एकदा सगळा माल. श्रीवर्धनची मोजणी मुरुडचा भाऊ करतो, मुरुडची श्रीवर्धनचा. यात अविश्वास नाही, उलट विश्वास टिकवण्याचाच हा मार्ग आहे. जकात काढतानाही विक्रीच्या मालाची किंमत धरावी लागते, तेथे अंदाज चालत नाही.

सहावा, प्रत. रोजच्या हिशेबाची प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज व फोन बंद होते, म्हणून केवळ इंटरनेटवर भिस्त न ठेवता पेनड्राइव्हवरही एक प्रत असावी.

एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. मागील वर्षी याच महिन्यात किती खपले, हे संगणक चटकन दाखवतो. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ साली ती एप्रिलमध्ये होती, २०२५ साली मार्चअखेर. गणपतीही पुढे-मागे होतात. महिना धरून खरेदी केली तर माल सणानंतर येऊन पडेल. आम्ही ईदच्या आधीचे चाळीस दिवस मोजून मागील वर्षाशी ताळा पाहतो आणि मगच भिवंडीला फोन करतो.

आजही चुका होतात. टेम्पोवाल्याच्या हाती चिठ्ठी न देता तागा पाठवला तर संगणकाला ते कळत नाही. पण चूक आठवड्याच्या आत सापडते आणि ती कोणत्या दिवसाची, हे कळते. त्यामुळे भावाभावांत वाद होत नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी तिन्ही वह्या एका चटईवर उघडून नावांची यादी करावी. संगणक त्यानंतर घ्यावा.