गॅस गेला कुठून?

गेल्या मे महिन्यात हुलसूरहून लातूरला निघालो होतो. मागच्या सीटवर आई होती. आठवड्यापूर्वी तिच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते आणि त्या दिवशी तपासणी होती. निलंग्याच्या अलीकडे बॉनेटखालून कर्रकन आवाज आला, पाठोपाठ रबर जळाल्याचा वास, मग बॅटरीचा लाल दिवा. इंजिन तापू लागले तशी गाडी एका लिंबाच्या झाडाखाली घेतली आणि बंद केली. एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला होता. माझ्या गाडीत एसी, अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. कॉम्प्रेसर अडकला, पट्टा तुटला आणि सगळेच थांबले. दुसरी गाडी येईपर्यंत दीड तास मी उपरण्याचा आडोसा धरून आईच्या डोळ्याला धूळ लागू नये एवढेच बघत होतो.

हे एका दिवसात घडले नव्हते. आधीच्या दोन उन्हाळ्यांत मी तीनदा गॅस भरून घेतला होता. “मामा, गॅस कमी झालाय, भरून देतो,” असे गॅरेजवाला म्हणायचा आणि मी मान डोलवायचो. पेट्रोल संपते तसा गॅसही संपत असेल, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची होती. एसीचा गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो, जळत नाही. झिरपून वर्षानुवर्षांत थोडा उतरतो, पण दर उन्हाळ्यात कमी होत असेल तर तो कुठून तरी गळतोच. कॉम्प्रेसरचे तेलही गॅससोबतच फिरते. गॅस कमी झाला की तेल पुरेसे परत येत नाही आणि आतले भाग कोरडे घासू लागतात. तेल तर गळतीतूनही जाते. तीन वेळा गॅस भरला, तेल कुणीच पाहिले नाही.

दुसरी चूक घाईची. भंगारातून काढलेला जुना कॉम्प्रेसर बसवून घेतला, बाकी काहीच बदलले नाही. तीन आठवड्यांत तोही गेला. शेवटी लातूरच्या एका जाणत्या मेकॅनिकने नळी सोडून आतले तेल पांढऱ्या फडक्यावर टिपले. तेल काळे पडले होते आणि त्यात धातूचा बारीक चुरा चमकत होता. पहिल्या कॉम्प्रेसरच्या चुऱ्याने दुसऱ्याचा जीव घेतला होता. मूळ गळती सापडली ती कंडेन्सरच्या सांध्यावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे दोन उन्हाळे माझे चालले होते.

म्हणून सांगतो, एसी गार करेनासा झाला की लगेच कॉम्प्रेसर बदलू नका. आधी एसी सुरू करून कान द्या. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये ‘टक’ आवाज होतो आणि पुलीपुढची चकतीही फिरू लागते. चकती फिरत नसेल, तर दोष फ्यूज, रिले किंवा क्लचच्या कॉइलचा असू शकतो. गॅस फार कमी झाला तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही. यातले कुठलेही काम नव्या कॉम्प्रेसरपेक्षा स्वस्त पडते. काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, तिथे ही खूण चालत नाही. घरघर किंवा खरखर ऐकू आली तर मात्र एसी तिथेच बंद करा.

कॉम्प्रेसर खरोखर जाम झाला असेल, तर काम पूर्ण करून घ्या. नळ्या धुवायला हव्यात. ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह नवे हवेत. आजच्या कंडेन्सरच्या वाटा इतक्या बारीक असतात की आतला चुरा धुऊन निघत नाही, म्हणून बहुधा तोही बदलावा लागतो. कंपनीने सांगितलेल्या जातीचे आणि मापाचेच तेल घाला. मग गळती तपासून निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारायला लावा. पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागचा हलता कामा नये. गॅस मात्र वजनाने भरावा. छोट्या गाडीला साधारण 400 ते 500 ग्रॅम लागतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. अंदाजाने जास्त भरला तर दाब वाढून कॉम्प्रेसरवरच ताण येतो.

नळ्या घरी सोडू नका. बहुतेक गाड्यांतला आर-134ए हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो, त्याच्या फवाऱ्याने कातडी भाजल्यासारखी होते. तो हवेत सोडणेही वाईट, कारण कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता तो धरून ठेवतो.

आपल्याकडे तुरीची रास झाली की भुसा आणि धूळ कंडेन्सरच्या जाळीत बसते. ती पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, पंखा फिरतो का बघा. दिवाळीपासून होळीपर्यंत एसीचे बटणच दाबायचे नाही, ही आपली सवयही मोडा. आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवला की तेल फिरते आणि सील ओले राहते. मी आता रविवारी बाजाराला जाताना हे करतो.

आणि गॅरेजमध्ये कुणी “गॅस भरून देतो” म्हणाले, तर पैसे काढण्याआधी विचारा, “गॅस गेला कुठून?” हा प्रश्न मी पहिल्याच उन्हाळ्यात विचारला असता, तर आई वेळेवर डॉक्टरांपुढे पोहोचली असती.