दुखणें अंगावर काढूं नका



आपल्या तिसगांवच्या मायभगिनींस दुखणें अंगावर काढण्याची संवय आहे. अंगांत ताप असला तरी भाकरी थापावयाची, कंबर दुखली तरी खुरपणीस जावयाचें. या सोशिकपणाची आपण वाखाणणी करतों. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुढें हाच गुण घातक ठरतो.

हा रोग पापाचें फळ नव्हे आणि कोणाची करणीही नव्हे. तो बहुतेक सर्व प्रसंगीं एच.पी.व्ही. नांवाच्या विषाणूमुळें होतो. या शोधाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शरीरसंबंधांतून येणारा हा विषाणु अत्यंत सामान्य असून बहुधा आपोआप नाहींसा होतो. थोड्या स्त्रियांत मात्र तो ठाण मांडतो आणि साधारणतः १५ ते २० वर्षांनीं कर्करोग उद्भवतो. या अवधींत कांहीं दुखत नाहीं, खुपत नाहीं; म्हणून निरोगी वाटणाऱ्या स्त्रीनेंच तपासणी करून घ्यावयाची असते.

याचा पुरावा दूरदेशीं शोधावयास नको. आपल्यासारख्याच कोरडवाहू उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत १९९९ सालीं एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचें नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय व मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय यांनीं ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक स्त्रियांचे चार गट केले. तिघांची निरनिराळ्या रीतीनें तपासणी झाली. चौथ्यास केवळ माहिती दिली. आठ वर्षांत, एकदांच विषाणु-तपासणी झालेल्या गटांत ३४ स्त्रिया या रोगानें दगावल्या, तर जवळजवळ तेवढ्याच मोठ्या चौथ्या गटांत ६४. या गटास तपासणीविना ठेवणें न्याय्य होतें काय, असा प्रश्न पुढें विचारला गेला, आणि तो योग्यच होता. त्या ६४ जणींनीं दिलेला धडा तरी आपण वाया घालवूं नये.

तेव्हां तिशी उलटलेल्या प्रत्येक स्त्रीनें सरकारी आरोग्य केंद्रांत चौकशी करून तपासणी करवून घ्यावी. सौम्य अम्ल लावून पाहण्याची साधी रीत कांहीं मिनिटांची आहे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो व वेळींच उपचार करतां येतो. पाळीवांचून, संबंधानंतर अथवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेलें, किंवा दुर्गंधियुक्त स्राव होऊं लागला, तर विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें.

मुलींकरितां लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें २०२३ सालीं स्वदेशी लस बाजारांत आणली. ९ ते १४ हें वय तिला उत्तम. परंतु लस घेतलेल्या मुलीनेंही पुढें तपासणी चुकवूं नये.

शुभवर्तमानांतील बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली स्त्री लाज धरून घरीं बसली नाहीं. गर्दींतून वाट काढून ती प्रभूच्या वस्त्रास शिवली. विद्यार्थिनींनो, हा लेख आज घरीं आईस वाचून दाखवा. पालकहो, तहान लागल्यावर विहीर खणूं नका.