बेसिक झालं, आता सारंग शोधा

दहावी-बारावीचे निकाल लागले की मर्चंट नेव्हीबद्दलचे फोन सुरू होतात, आणि भिवंडीच्या पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो. मुलाचं ‘बेसिक’ झालंय, पाचही कोर्सची प्रमाणपत्रं हातात आहेत, आता एक एजंट काही लाख घेऊन महिन्याभरात जहाजावर चढवतो म्हणतोय, द्यावेत का? उत्तर स्पष्ट आहे: एक रुपयाही देऊ नका. सागरी कामगारांच्या हक्कांचा एमएलसी 2006 हा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2015 साली स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि वैद्यकीय तपासणी, एवढाच खर्च उमेदवाराच्या माथी येऊ शकतो. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि तो नंबर खरा की खोटा हे डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येतं. म्हणजे समोरचा माणूस पैसे मागतो त्याच क्षणी तो कोण आहे हे कळलेलं असतं. तरीही माग विकून, गाळा गहाण टाकून पैसे भरणारे भरतात. मग पोरगं कुठल्या तरी परदेशी बंदरात पगाराविना अडकलं की धावाधाव सुरू होते.

पण एजंट हा रोगाचा शेवट आहे, सुरुवात नव्हे. सुरुवात होते ती ‘बेसिक’ म्हणजे नेमकं काय, याच्या गैरसमजातून. समुद्रात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार, जहाजावरची शिस्त आणि सुरक्षा, असे हे पाच छोटे कोर्स जेमतेम दोन आठवड्यांत उरकतात. जहाजावरच्या आचाऱ्यालाही ते करावे लागतात. ते करून कोणी खलाशी होत नाही. जहाजावर पाय ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतः मरू नये आणि दुसऱ्याला मारू नये, एवढीच त्यांची अपेक्षा. डेक किंवा इंजिनवर रेटिंग, म्हणजे अधिकाऱ्यांच्या हाताखालचा खलाशी, व्हायचं तर सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतूनच करावा लागतो. त्याला दहावीत विज्ञान, गणित आणि इंग्रजी लागतं, आणि वयाची मर्यादा साडेसतरा ते पंचवीस. अधिकारी व्हायचं असेल तर बारावीला पीसीएम, आयएमयूची प्रवेश परीक्षा आणि मग डीएनएस किंवा मरीन इंजिनिअरिंग. हे रस्ते सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर जागा घालवत नाही. फक्त एक: फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर डेकचा रस्ता तिथेच संपतो, आणि फी परत मिळत नाही.

बेसिक झालं आणि जहाज मिळेना, की घरात दुसरी घाई सुरू होते. टँकरचा कोर्स करू दे, गॅसचा करू दे, रिकामा बसण्यापेक्षा बरं. प्रमाणपत्रांची फाइल जाड होते, अनुभवाचं पान कोरंच राहतं. खरं तर खलाशांच्या प्रशिक्षणाच्या ज्या आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू नियमावलीने हे कोर्स लावले, तिच्याकडेच नीट पाहावं. ब्रिजवरच्या पहाऱ्यात भाग घेणारा रेटिंग व्हायला ती सहा महिन्यांची समुद्रसेवा मागते. खास प्रशिक्षण घेतलं तरी किमान दोन महिने लागतातच. पुढचा एबल सीफेअरर व्हायला अठरा महिने, प्रशिक्षणासह बारा. नियम लिहिणाऱ्यांनी वर्गातल्या शिक्षणाला सूट दिली आहे, पण समुद्राला पर्याय दिलेला नाही. भिवंडीकरांना हे समजावून सांगावं लागू नये. जॉबरच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढल्याशिवाय कुणाच्या हाती माग सोपवत नाहीत, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. जहाजाच्या बाबतीत मात्र हाच शहाणपणा कुठे जातो कळत नाही.

मोठ्या नावांचंही वेगळं नाही. कमांडर दिलीप दोंदे हे एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ऑगस्ट 2009 मध्ये ते मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि मे 2010 मध्ये परतले. तोवर नौदलात त्यांची कित्येक वर्षं झाली होती. तरीही मोहिमेच्या तयारीत त्यांनी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या मुरलेल्या दर्यावर्दीच्या हाताखाली काम केलं, आणि ‘म्हादेई’ गोव्यात बांधली जात असताना तिच्या कामात स्वतः राबले. मोठ्या फेरीआधी मॉरिशसपर्यंतची एक फेरीही करून पाहिली. पुढे ‘म्हादेई’वरूनच अभिलाष टॉमी आणि मग ‘तारिणी’वरून गेलेला महिलांचा चमू तयार झाला, तोही असाच दोंद्यांच्या नजरेखाली. नौदलाचा कमांडर हाताखाली राबून शिकतो, आणि आपल्याला अठरा वर्षांच्या पोराने थेट पनामाच्या झेंड्याखालच्या जहाजावर चढावं असं वाटतं!

मग नवख्याने अनुभव कुठे घ्यावा? पालकांना जे ऐकायला आवडत नाही तेच सांगतो: टगवर, पायलट लाँचवर, ड्रेजरवर, रो-रो फेरीवर. मुंबई बंदर आणि जेएनपीए भिवंडीपासून फार लांब नाहीत. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो 2020 पासून चालते, वसई-भाईंदर 2024 पासून. वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी 2024 मध्येच मिळाली. तिथे नांगर पडायला वर्षं जातील, पण गाळ उपसणं आणि टग ही कामं बंदराच्या आधी येतात. आणि भिवंडीचं स्वतःचं पाणी आहेच. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या आसऱ्याने जहाजं बांधायला घेतली. तीच खाडी आणि उल्हास नदी 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग 53 झाली, आणि तिच्या काठावर भिवंडीचं काल्हेर आहे. काल्हेरच्या गोदामांतला माल अजून ट्रकनेच जातो, हा भाग वेगळा.

टगवर पोरगं काय शिकतं? भरती-ओहोटी, उधाण आणि भांग यांचा अंदाज. हीव्हिंग लाइन अशी फेकायची की ती जहाजाच्या डेकवर पडावी, पाण्यात नव्हे. जाड दोराला स्प्लाइस कसा घालायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. दोर तुटला की चाबकासारखा मागे येतो आणि पाय घेऊन जातो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. सारंग, म्हणजे बोटीचा प्रमुख, एकदा खेकसला की आयुष्यभर लक्षात राहतं. मोठ्या जहाजावर मोजकी माणसं, सतत चाललेलं काम. नवख्याला शिकवायला कुणाला सवड नसते.

आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला, हा अनुभव परदेशी जहाजांच्या प्रमाणपत्रासाठी धरला जात नाही. बरोबर, अंतर्देशीय बोटीवरची सेवा खोल समुद्रातल्या सेवेच्या बदल्यात चालत नाही. पण तिचा स्वतःचा जिना आहे: 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली सारंग, मास्टर आणि ड्रायव्हर होता येतं. किनारी जहाजांवर गेलात तर एनसीव्ही अधिकाऱ्याची परीक्षा पुढे आहे. शिवाय कामाचा हात बसलेला मुलगा मुलाखतीत ओळखू येतो. दुसरा आक्षेप पगाराचा. सुरुवातीचा पगार कमीच असतो. मात्र त्यासाठी आधी लाखो भरावे लागत नाहीत, हेही हिशेबात धरा. तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो सगळ्यात गंभीर. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून जास्त माणसं गेली. जवळचं पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, असं मी म्हणत नाही. म्हणूनच बोट नोंदलेली आहे का, तिचा विमा आणि सर्व्हे चालू आहे का, लाइफजॅकेट माणशी एक आहे का, हे चढण्याआधी पाहायचं. काल्हेर-कशेळीच्या खाडीत रात्री सक्शन पंपावर चोरटी वाळू काढणं हा अनुभव नव्हे, तो गुन्हा आहे.

राहिला तो आक्षेप जो कोणी उघड बोलत नाही. एवढा खर्च केला आणि पोरगं टगवर, नातेवाइकांना काय सांगायचं? पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, लग्नाच्या बाजारात ‘शिपवर आहे’ असं सांगता येणं, यासाठी किती घरं मुलाला घाई करतात हे पाहून राग येतो. घाई आई-बापाची असते आणि करारावर सही मुलाची. ज्या मुलाला समुद्र नकोच आहे, त्याला टग तरी लवकर आणि स्वस्तात ते कळवतो. घरच्यांनी तेव्हा त्याचं ऐकावं. ज्याला हवाच आहे, त्याने या महिन्यात तीन कामं करावीत. टग आणि फेरी चालवणाऱ्या कंपन्यांच्या ऑफिसात स्वतः, एजंटशिवाय, अर्ज घेऊन जावं. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डात सारंगाच्या परीक्षेला किती सेवा लागते ते विचारून लिहून आणावं. आणि पहिल्या दिवसापासून बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, चढल्या-उतरल्याची तारीख आणि मास्टरची सही एका वहीत घ्यावी, कारण बोट सोडल्यावर ती सही मिळवायला फार खेटे घालावे लागतात.