शेअर सांभाळायला किती पडतं?

शेअर नुसते ठेवून द्यायला जवळजवळ काहीच पडत नाही. पडतं ते हलवायला, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून हलवायला सर्वांत जास्त. तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणारा ऑपरेटर असो, अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले काका असोत की बुलेट ट्रेनसाठी जमीन गेल्याचा मोबदला खात्यात आलेलं कुटुंब असो, विचारणा फिरून फिरून इथेच येते. तेव्हा ठेवण्याचा खर्च आधी उरकून टाकू.

डीमॅट खात्याचं वार्षिक शुल्क बहुतेक ठिकाणी काहीशे रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. पण तुमच्या नावावर (पहिलं नाव तुमचं असलेलं) एकच डीमॅट असेल आणि त्यातल्या शेअरची किंमत 4 लाखांच्या आत असेल, तर ते ‘बेसिक सर्व्हिसेस’ खातं धरलं जातं आणि वार्षिक शुल्क शून्य. 4 ते 10 लाखांपर्यंत वर्षाला 100 रुपये. 1 सप्टेंबर 2024 पासून ही मर्यादा लागू आहे. पालघर-बोईसरमध्ये पुष्कळांची दोन-तीन खाती निघतात: एक पगाराच्या बँकेने उघडून दिलेलं, एक मित्राच्या रेफरल लिंकवरून, एक आयपीओपुरतं. दुसरं खातं निघालं की सवलत गेली. नको असलेली खाती बंद करा. त्याला शुल्क लागत नाही.

आता ‘शून्य ब्रोकरेज’. मोबाइल ॲपवर 10,000 रुपयांचे शेअर डिलिव्हरीत घेतले आणि तेवढ्यालाच विकले, असं धरू. घेताना एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) 0.1 टक्का म्हणजे 10 रुपये, मुद्रांक शुल्क 0.015 टक्का म्हणजे दीड रुपया, एक्स्चेंजचा आकार आणि त्यावरचा जीएसटी मिळून चाळीसेक पैसे. विकताना पुन्हा 10 रुपये एसटीटी, पण मुद्रांक शुल्क नाही. त्याऐवजी डीपी चार्ज (डीमॅटमधून शेअर काढण्याचा आकार) येतो, साधारण 15 रुपये. एकूण 37-38 रुपये. ब्रोकरने एक पैसा न घेता.

डीपी चार्जची गंमत अशी की तो रकमेवर नसतो. एका कंपनीचे शेअर एका दिवशी विकले की एकदा लागतो, मग एक विका की हजार. 1,000 रुपयांचा एकच शेअर विकला तर दीड टक्का तिथेच गेला. दुपारच्या सुट्टीत मोबाइलवर दोन-दोन शेअर विकणाऱ्यांनी कॉन्ट्रॅक्ट नोटबरोबर खात्याचं लेजरही उघडून बघावं, कारण हा आकार बहुधा नोटमध्ये नसून लेजरला पडतो.

ॲपऐवजी स्टेशनजवळच्या सब-ब्रोकरकडे (कागदोपत्री आता ‘अधिकृत व्यक्ती’) खातं असेल आणि ‘पन्नास पैसे’ ठरले असतील, म्हणजे शंभराला अर्धा रुपया, तर त्याच व्यवहारात घेताना 50, विकताना 50 आणि 18 रुपये जीएसटी. वरचे 37 धरून 155. चौपट झालं, तरी मी त्याला वाईट म्हणणार नाही. सत्तरीतल्या माणसाला समोर बसून नॉमिनी भरून देणारा, आईच्या नावचे शेअर मुलाच्या नावावर करायला मदत करणारा कोणी हवा असेल, तर ते पैसे वसूल आहेत. फक्त दर विचारून घ्या आणि घासाघीस करा, तो दर दगडावरची रेघ नसतो. ओटीपी मात्र त्याच्या हातात देऊ नका. तुम्ही न सांगता झालेला सौदा नंतर ‘तुमच्याच ओटीपीने’ झालेला दिसतो.

खरी गळती होते ती उलाढालीत. 2 लाखांचे शेअर दर महिन्याला एकदा पूर्ण बदलले, तर एसटीटी, मुद्रांक आणि एक्स्चेंजचे आकार मिळून एका फेरीला सुमारे 445 रुपये. वर्षाला 5,300 च्या वर. ब्रोकरेज आणि डीपी धरलेलेच नाहीत, तरी अडीच टक्क्यांहून जास्त झाले. त्यात ॲपवर ‘आत्ता थोडे भरा, बाकी आम्ही भरतो’ असं दाखवणारी मार्जिन ट्रेडिंगची सोय वापरलीत, तर त्या उसन्या रकमेवर रोज व्याज चढतं. दर 15 टक्के असेल तर लाखाला महिन्याचे 1,250.

आणि कर. 23 जुलै 2024 पासून शेअर 12 महिन्यांच्या आत विकले तर नफ्यावर 20 टक्के. त्यानंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आणि पुढच्यावर साडेबारा टक्के. दोन लाख नफा झाला असं समजा. अकराव्या महिन्यात विकलंत तर सेससकट 41,600 रुपये. वर्ष उलटल्यावर विकलंत तर 9,750. फरक 31,850 रुपयांचा. ब्रोकरेज वाचवायला ॲप बदलत बसणारी माणसं हा फरक मात्र सहज सोडून देतात. अर्थसंकल्पात दर बदलतात, म्हणून विकण्याआधी चालू वर्षाचे बघून घ्यावेत.

बारा लाखांच्या आत उत्पन्न म्हणजे कर नाही, मग शेअरच्या नफ्यावरही नाही, असं कॅन्टीनमध्ये ऐकायला मिळतं. ते खरं नाही. नव्या करप्रणालीतली ती सूट 2025-26 पासून शेअरच्या भांडवली नफ्याला लागत नाही. उलट घरात कोणाला दुसरं उत्पन्नच नसेल, तर 4 लाखांची मूळ करमुक्त मर्यादा त्यांच्या नफ्याला वापरता येते. पण पैसे नवऱ्याने दिले आणि शेअर बायकोच्या नावावर घेतले, तर नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात जोडला जातो. तोटा झाला असेल तर विवरणपत्र मुदतीत भरा, म्हणजे तो 8 वर्षं पुढे ओढता येतो. वर्षाच्या आतली विक्री असेल तर आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 लागतो. सीएची फी त्यामुळे वाढते. ती आधी विचारा. लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो. एका कंपनीकडून वर्षाला 10,000 च्या वर आला तर 10 टक्के टीडीएस कापून येतो.

या पट्ट्यात आणखी एक सवय दिसते: ज्या कंपनीचं गेट रोज दिसतं, तिचे शेअर घ्यायचे. माहितीतली कंपनी घेणं गैर नाही. पण पगारही तिथून, बचतही तिथेच, म्हणजे कारखाना बसला की दोन्ही एकदम बसतात. पुन्हा हिशेबात खोच असते. आरती ड्रग्जने 2020 मध्ये एका शेअरमागे तीन बोनस शेअर दिले. बोनसची खरेदी किंमत करासाठी शून्य धरतात आणि 12 महिने मोजायचे ते बोनस शेअरचं वाटप झाल्याच्या तारखेपासून. बोनस आल्या-आल्या विकून टाकला की जवळजवळ सगळी रक्कम 20 टक्क्यांत. आरती इंडस्ट्रीजमधून आरती फार्मालॅब्ज वेगळी झाली, तशा वेळी जुनी खरेदी किंमत दोन कंपन्यांत वाटावी लागते. ते प्रमाण कंपनी जाहीर करते, ती नोटीस जपून ठेवा.

सल्ल्याची किंमत सांगायची राहिली. मोबदल्याची रक्कम आली की आठवड्याभरात कोणीतरी ‘पोर्टफोलिओ आम्ही सांभाळतो’ म्हणत दारात येतं. सेबी-नोंदणीकृत पोर्टफोलिओ मॅनेजरला 50 लाखांखाली रक्कम घेताच येत नाही. दोन-पाच लाख घेऊन ‘पीएमएस’ देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतोय. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार ठरावीक फी घेतो. कमिशनवरचा माणूस फुकट बोलतो आणि नंतर वसूल करतो. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासायला पैसे पडत नाहीत. महिन्याला ठरावीक टक्के देतो म्हणणाऱ्याचा क्रमांक तपासण्याचीही गरज नाही.

फ्यूचर्स-ऑप्शन्सचं एका वाक्यात: सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते.

पेटीत वडिलांच्या नावचे कागदी शेअर सापडले तर? 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर डीमॅट केल्याशिवाय दुसऱ्याला विकता येत नाहीत. सात वर्षं सलग लाभांश न उचललेले शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात, पण बुडत नाहीत. आयईपीएफ-5 हा ऑनलाइन अर्ज भरून मागता येतात आणि त्या अर्जाला सरकारी फी नाही. खर्च होतो तो प्रतिज्ञापत्र, नोटरी, वारस-कागद यांचा, आणि कंपनीच्या रजिस्ट्रारशी चालणाऱ्या लांबलचक पत्रव्यवहारात वेळेचा. काम करून देणारे मध्यस्थ मिळालेल्या रकमेवर टक्केवारी मागतात. शेअर किती आहेत आणि आजचा भाव काय, हे पाहिल्याशिवाय टक्केवारीवर सही करू नका.

ब्रोकरने चुकीचा आकार लावला तर आधी त्याला ईमेलवर लिहा, फोनवर नको. उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करा. ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तक्रारीला शुल्क नाही. पोर्टल जमत नसेल तर सेबीचा टोल-फ्री क्रमांक 1800 266 7575, मराठीतही बोलता येतं.