साने गुरुजी पुण्यात मोकळे, न्यू जर्सीत का नाहीत?

प्रश्न : आमच्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी ‘श्यामची आई’चं मोठ्या टायपातलं ई-पुस्तक काढायचं आम्ही ठरवलं होतं. भारतात गुरुजींच्या पुस्तकांवरचा कॉपीराइट संपला आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण मंडळातल्या वकीलबाईंनी ‘अमेरिकेत अजून संपलेला नाही’ असं सांगून काम थांबवलं. पुस्तक तेच, लेखक तोच, मग असं कसं?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : वकीलबाईंचं बरोबर आहे, आणि भारतापुरतं तुमचंही. आपल्याकडे लेखक ज्या वर्षी वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. २०१० साल संपलं आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं छापायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली. अमेरिकेत मात्र त्या काळातल्या पुस्तकांची मुदत लेखकाच्या मृत्यूवरून मोजतच नाहीत. पुस्तक पहिल्यांदा छापलं गेलं त्या वर्षापासून ९५ वर्षं, असा तिथला हिशेब आहे. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याआधी ते छापलं जाणं शक्यच नव्हतं, म्हणजे २०२८ साल सरेपर्यंत तरी तुम्हाला थांबणं भाग आहे.

कॉपीराइट हा जगभर एकच हक्क असल्यासारखं आपण बोलतो, पण तसा तो कधीच नव्हता. प्रत्येक देशानं आपापल्या सोयीनं तो घडवला. पहिला कायदा इंग्लंडचा, राणी अॅनच्या काळातला, १७१० चा. त्याआधी लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांच्या संघाकडे छपाईची मक्तेदारी होती आणि पुस्तकावरचा हक्क कायमचा आपलाच, असं ते धरून चालत. नव्या कायद्यानं नव्या पुस्तकाला १४ वर्षं दिली, आणि तोवर लेखक हयात असेल तर आणखी १४. मुदत संपल्यावरही लंडनकर विक्रेते हक्क सोडायला तयार नव्हते. अलेक्झांडर डोनाल्डसन हा एडिंबरोचा विक्रेता जुनी पुस्तकं स्वस्तात छापायचा. जेम्स थॉमसन या कवीच्या ‘द सीझन्स’वरून त्याला कोर्टात खेचलं गेलं आणि प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १७७४ मध्ये तिथं निकाल लागला तो डोनाल्डसनच्या बाजूनं : छापलेल्या पुस्तकावरचा हक्क कायद्यानं दिला तेवढाच, मुदत संपली की पुस्तक सगळ्यांचं. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दिवस तोच. आज तुम्ही-आम्ही गुरुजींचं पुस्तक भारतात कुणालाही न विचारता छापू शकतो, ते या तत्त्वामुळे.

अमेरिकेनं १७९० मध्ये स्वतःचा कायदा केला, पण त्यात संरक्षण होतं फक्त तिथल्या नागरिकांना आणि रहिवाशांना. इंग्रज लेखकांची पुस्तकं तिथले प्रकाशक बिनदिक्कत छापत आणि लेखकाला पैसा द्यायची कायद्यानं सक्ती नव्हती. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स अमेरिकेत गेला तेव्हा त्यानं भाषणांतून याबद्दल तक्रार केली, आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावरच झोड उठवली. परदेशी लेखकांना तिथं संरक्षण मिळायला १८९१ उजाडावं लागलं. दरम्यान युरोपातल्या देशांनी १८८६ मध्ये बर्नचा करार केला : परक्या लेखकाला आपल्या लेखकासारखंच वागवायचं. त्या करारात अमेरिका सामील झाली ती थेट १९८९ मध्ये. पुस्तकं बाहेरून घ्यायची होती तोवर कायदा सैल होता. सिनेमे, गाणी आणि सॉफ्टवेअर जगाला विकायची वेळ आली तसा तो आवळला गेला. इतर देशांना आज कडक कायद्याचे पाठ देताना अमेरिकेनं हा आपला इतिहास लक्षात ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तुमची अडचण मात्र १८९१ ची नाही, १९९६ ची आहे. जागतिक व्यापार कराराचा भाग म्हणून अमेरिकेनं १ जानेवारी १९९६ पासून एक विलक्षण गोष्ट केली. जी परदेशी पुस्तकं आणि संगीतरचना अमेरिकेत नोंदणी-नूतनीकरणाअभावी किंवा इतर कारणांनी मोकळ्या झाल्या होत्या, पण त्या दिवशी स्वतःच्या मायदेशी संरक्षित होत्या, त्यांना पुन्हा कॉपीराइट बहाल केला. त्याचा फटका कुणाला बसला? लॉरेन्स गोलन हे कोलोरॅडोतले वाद्यवृंद-संचालक. प्रोकोफिएव या संगीतकाराचं ‘पीटर अँड द वुल्फ’ मुलांसमोर वाजवायला तोवर पैसे पडत नसत, आता भाडं आणि शुल्क आलं. लहान वाद्यवृंदांना ते परवडेना. गोलन कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. एकदा लोकांचं झालेलं परत काढून घेता येतं, असाच त्या निकालाचा अर्थ. मला तो आजही पटत नाही.

‘श्यामची आई’ १९९६ मध्ये भारतात संरक्षित होतं, म्हणून तेही या जाळ्यात आलं.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्या १९५७ च्या कायद्यात मुदत मृत्यूनंतर ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं साहित्य १ जानेवारी १९९२ ला मोकळं व्हायचं होतं. विश्वभारतीकडे ते हक्क होते आणि ते जाऊ नयेत अशी मागणी होती. २८ डिसेंबर १९९१ पासून, म्हणजे अगदी काठावर, मुदत ६० वर्षं झाली, आणि ती एकट्या टागोरांसाठी नाही तर सगळ्यांसाठी. आपले भा. रा. तांबेही १९४१ च्या डिसेंबरातच गेले. त्यांची कविता टागोरांबरोबर आणखी १० वर्षं अडकली. माधव जूलियन १९३९ मध्ये वारले, त्यामुळे हयातीत छापलेली त्यांची कविता १९९० लाच मोकळी झाली होती. दोघांच्या मृत्यूंत दोन वर्षांचं अंतर, पण मोकळीक मिळण्यात १२ वर्षांचं. पुढचं आणखी चमत्कारिक आहे. १९९६ मध्ये माधव जूलियन भारतात मोकळे होते म्हणून अमेरिकेतही मोकळेच राहिले. तांबे अडकलेले होते, म्हणून १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रथम छापलेल्या त्यांच्या कवितांवर अमेरिकेत अजून हक्क आहे. दिल्लीनं टागोरांसाठी केलेली दुरुस्ती तुमच्या न्यू जर्सीतल्या शाळेपर्यंत पोचते ती अशी. एका थोर कवीसाठी सगळ्यांची मुदत वाढवणं मला तेव्हाही चुकीचं वाटलं होतं, आजही वाटतं. गांधीजींचं लेखनही त्यामुळेच १९९९ ऐवजी २००९ मध्ये मोकळं झालं.

आपला जुना कायदा काही बाबतींत याहून उदार होता. १९१४ च्या कायद्यात भाषांतराचा एकाधिकार मूळ पुस्तक निघाल्यापासून १० वर्षंच टिकायचा, लेखकानं तेवढ्यात स्वतः भाषांतर काढलं नाही तर. इतक्या भाषांच्या देशात बंगाली मराठीत आणि मराठी गुजरातीत जायचं, तर हे शहाणपणाचंच होतं.

इंग्लंडमध्ये तुमचे नातेवाईक असतील तर त्यांना ‘श्यामची आई’ काढता येईल. तिथली मुदत मृत्यूनंतर ७० वर्षांची आहे खरी, पण परदेशी पुस्तकाला मायदेशापेक्षा जास्त संरक्षण ब्रिटन देत नाही. अमेरिका अशी तुलना करत नाही.

तुम्ही काय करावं? गुरुजींच्या वारसांकडे किंवा ज्यांच्याकडे हक्क असतील त्यांच्याकडे लेखी परवानगी मागा. शाळेसाठी, विनामूल्य, किती प्रती, किती वर्षं, हे पत्रात स्पष्ट लिहा. इंग्रजी भाषांतर मुलांच्या हाती द्यायचं असेल तर भाषांतरकाराची परवानगी वेगळी लागेल, मुखपृष्ठ आणि चित्रांचीही. आणि वाट पाहायची नसेल तर बालकवी, गडकरी आणि ह. ना. आपटे यांचं हयातीत छापलेलं सगळं दोन्ही देशांत मोकळं आहे. मोठ्या टायपात बालकवींच्या कविता उद्याच काढायला घ्या.