शॉर्ट लेगवरचा पहारेकरी : एकनाथ सोलकर

क्रिकेटपटूबद्दल बोलताना पहिला प्रश्न असतो, धावा किती? दुसरा, बळी किती? झेल किती घेतले, हे क्वचितच कोणी विचारते. म्हणून या वेळी मी अशा खेळाडूचा अभ्यास केला, ज्याला आजही लोक झेलांसाठीच आठवतात.

एकनाथ सोलकर यांचा जन्म १८ मार्च १९४८ रोजी मुंबईत झाला. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. सारे कुटुंब तिथेच एका खोलीच्या झोपडीत राहत असे. लहानपणी एकनाथ सामन्यांच्या वेळी धावफलकावरचे आकडे बदलायचे. पुढे ते भारतीय शालेय संघाचे कर्णधार झाले. त्या संघात सुनील गावसकरही होते. १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध सोलकरांनी कसोटी पदार्पण केले.

बेसबॉलमध्ये आउटफिल्डर फलंदाजापासून खूप दूर उभा राहतो. त्याच्या हातात चामड्याचा मोठा ग्लोव्ह असतो आणि उंच उडालेल्या चेंडूखाली पोहोचायला त्याला काही सेकंद मिळतात. सोलकर फलंदाजापासून दोन-तीन पावलांवर, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहत. ग्लोव्ह नाही, हेल्मेटही नाही.

आता थोडे गणित करू. बॅटवरून चेंडू ताशी ७२ किलोमीटर वेगाने आला, तर तो एका सेकंदात २० मीटर जातो. म्हणजे २ मीटर अंतर कापायला फक्त ०.१ सेकंद! डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. मग झेल कसा घ्यायचा? फलंदाजाचा पाय, बॅटचा कोन आणि गोलंदाजाचा टप्पा यांवरून चेंडू कुठे येईल ते आधीच ओळखायचे, गुडघे वाकवून खाली राहायचे आणि शेवटपर्यंत डोळे मिटायचे नाहीत. डोळे न मिटणे सर्वांत कठीण आहे, हे मी स्वतः तिथे उभा राहतो म्हणून सांगू शकतो.

ऑगस्ट १९७१, ओव्हल. पहिल्या डावात इंग्लंडला ७१ धावांची आघाडी मिळाली होती. सोलकरांनी त्या डावात ३ बळी घेतले होते आणि ४४ धावाही केल्या होत्या. दुसऱ्या डावात भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले. लहानपणी पोलिओ झालेल्या उजव्या हातानेच ते गोलंदाजी करीत. चंद्रशेखर आपल्या कर्नाटकचे, सोलकर मुंबईचे. फ्लेचर शून्यावर बाद झाले, ते चंद्रशेखरांच्या चेंडूवर सोलकरांनी टिपलेल्या झेलावर. पहिल्या डावात ९० धावा करणारे ॲलन नॉट या वेळी वेंकटराघवन यांना खेळत होते. चेंडू बॅटला लागून खाली पडणार, तोच सोलकरांनी पुढे झेप घेऊन तो जमिनीलगत टिपला. नॉट १ धावेवर बाद! इंग्लंडचा डाव १०१ धावांत संपला. भारताने ४ गडी राखून सामना जिंकला आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली.

सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, म्हणजे प्रत्येक सामन्यात जवळजवळ दोन. १९७५ मध्ये वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी १०२ धावा केल्या. २६ जून २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

या अभ्यासातून मला एक गोष्ट पटली. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांची फिरकी जगाने नावाजली, पण बॅटची कड घेतलेला चेंडू पकडणारा कोणी नसता, तर त्यांतले किती बळी मिळाले असते? सीमेवरच्या पहारेकऱ्याचे काम असेच असते. रात्रभर काहीच घडत नाही, पण ज्या क्षणी घडते त्या क्षणी तो जागा असावाच लागतो.

आमच्या हाउसच्या संघात मी दहाव्या क्रमांकावर खेळतो आणि गोलंदाजी मला मिळत नाही. सुट्टीत जे. पी. नगरच्या गल्लीतही बॅटसाठी भांडणे होतात, शॉर्ट लेगसाठी कोणी भांडत नाही. ती जागा मी आता मागून घेतो. रोज भिंतीवर टेनिस बॉल मारून डाव्या हाताने पन्नास आणि उजव्या हाताने पन्नास झेल घेतो. कॅडेट मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. आणि पालकांना एक विनंती आहे. रविवारी फोनवर ‘किती रन्स काढलेस?’ असे विचारून झाले की ‘झेल किती घेतलेस?’ हेही जरूर विचारा.